आठवड्यातला तो एक तास

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयात ताणतणाव व्यवस्थापनावर दोन तासांचं सत्र झालं. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा. शिकवणाऱ्या ताई मनापासून शिकवत होत्या. श्वासाचा उपयोगही होतो, मी घरी करते. पण डोळे मिटलेले असतानाच माझा फोन दोनदा थरथरला. वॉर्डातून सिस्टर विचारत होत्या, शववाहिकेचं काय झालं?

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

मी नाशिकमध्ये 14 वर्षं वैद्यकीय समाजसेविका आहे. समाजसेविका म्हटलं की लोकांना फळं वाटणारी, सवडीने येऊन पुण्य करणारी बाई डोळ्यासमोर येते. ही नोकरी आहे. तिला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी लागते. आपल्या देशात ती 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरू झाली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून पेशंट येतो तेव्हा डॉक्टर आजार बघतात. रेशनकार्डावर पेशंटचं नाव चढलंय का, मोफत उपचारांच्या सरकारी जनआरोग्य योजनेत केस बसेल का, नाही बसली तर धर्मादाय रुग्णालयांना राखून ठेवाव्या लागतात त्या 10 टक्के मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या खाटांपैकी एखादी मिळेल का, सोबतची म्हातारी रात्री झोपणार कुठे, हे आम्ही बघतो. आणि ‘योजनेत बसत नाही’ हे सांगायचं कामही आमच्याच वाट्याला येतं. नियम आम्ही केलेला नसतो. समोरच्याला मात्र तो आमच्या चेहऱ्यासकट लक्षात राहतो.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सुरगाण्याकडचं जोडपं, कमी दिवसांचं बाळ, नऊ दिवस काचेच्या पेटीत. केसपेपरवर बाळाला नाव नव्हतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. वडील रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायचे. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत आधार, रेशनकार्ड, गरोदरपणाचं कार्ड, सगळं रबर लावून नीट ठेवलेलं. बायकोचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर होतं. ते यांच्या कार्डावर चढवायला तहसीलच्या तीन फेऱ्या झाल्या. दहाव्या दिवशी ते पिशवीतून नवा कागद काढत मला म्हणाले, “बाई, नाव चढलं.” त्याच वेळी वॉर्डातून फोन आला. मला आधी कळलं, त्यांना नंतर. मधली दोन मिनिटं मी मान खाली घालून तो कागद वाचत बसले.

मग सह्या, बिलाची माफी, गाडी. दुपारी डबासुद्धा खाल्ला. संध्याकाळी लेक गणित विचारत होती, तिने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मला ऐकू आलं. रडू आलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

एमएसडब्ल्यू केलेल्यांना आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, आठवत असेल. आठवड्यातून एकदा फील्डवर्कचं वहीत लिहिलेलं रेकॉर्डिंग घेऊन सुपरवायझरसमोर एकट्याने बसायचं. आमच्या मॅडम वहीतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवायच्या. “तो रडायला लागला तेव्हा तू विषय का बदललास? तुला काय होत होतं?” तेव्हा आयसीचा धाक वाटायचा. हातात केसेस होत्या दोन-तीन. पुढे नोकरी लागली, एका दिवसात तेवढ्या केसेस नाश्त्याच्या आधी यायला लागल्या, आणि आयसी बंद झाली. रोजचं मरण बघायला लागलो नेमकं तेव्हाच विचारणारं माणूस उरलं नाही. आता विचारतात ते आकडे. किती केसेस, किती मंजूर, रजिस्टर पूर्ण आहे ना?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते, असं म्हटलं. दुखणं कामावर लागतं, तर औषध आम्ही घरी अर्धा तास काढून एकट्याने का घ्यायचं? आम्हाला खंबीर राहा म्हणतात. खंबीर आहोतच. 2021 च्या एप्रिलमध्ये या शहराने रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीत पेशंट दगावल्याचा तो दिवस पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आपापल्या वॉर्डात हजर होतो.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून एक तास, कामाच्या वेळेत, हजेरीत धरलेला. समोर अनुभवी माणूस हवं, पण ते आमचा गोपनीय अहवाल लिहिणारं नको, बाहेरचं हवं. आणि त्यात कंत्राटी मुलींनाही घ्या. एचआयव्हीच्या समुपदेशक, जनआरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्र, कुपोषित बाळांच्या पोषण पुनर्वसन केंद्रातल्या मुली. करार नव्याने व्हायचा असतो म्हणून त्या तर ‘मला झेपत नाहीये’ एवढंही बोलत नाहीत. खर्च किती, तर एक खोली आणि एका माणसाचं मानधन. (रात्री अगदीच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात. नंबर जवळ ठेवा.)

तोवर आम्ही पाच जणी महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी इंदिरानगरला माझ्या घरी बसतो. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, एवढाच नियम. दुसऱ्या बैठकीत मी त्या बाळाचं सांगितलं. सगळं ऐकून एका मैत्रिणीने फक्त विचारलं, “नाव काय ठेवणार होते गं?”

मला माहीत होतं. वडिलांनी एकदा जिन्यात सांगितलं होतं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं, आणि मग मला रडू आलं. चहा तसाच गार झाला.

नाशिकमधल्या कुठल्याही रुग्णालयात हे काम करत असाल, पद काहीही असो, तर मेसेज करा. या शनिवारी सहा वाजता बसतोय.