‘बिल आहे ना, मग पोलिस काय करणार?’

पावसाळा लागला की गाडीला जादा दिवे लावण्याबद्दलचा एक मेसेज बाइक-कारवाल्यांच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला. म्हणणं असं: दुकानात उघड, बिलासकट विकतात ते लाइट बेकायदा कसे? पिवळा असला की तो फॉगलॅम्पच. बटण बंद ठेवलं की चलान होत नाही. आणि झालंच तर पाचशे रुपये.

बिलाचं आधी उरकू. जीएसटी बिलावरून तुम्ही कर भरला एवढंच कळतं. कान किटवणाऱ्या सायलेन्सरचंही बिल मिळतं. दिव्याला मान्यता आहे का, हे खोक्यावर नाही, दिव्याच्या काचेवर बघायचं: गोलात ‘ई’ आणि आकडा, फॉगलॅम्प असेल तर सोबत ‘बी’ किंवा ‘एफ3’.

पिवळ्याची गंमत वेगळी आहे. आंबोलीत जुलैमध्ये रात्री गाडी अप्परवर टाकून बघा. समोर पांढरी भिंत उभी राहते. कारण धुक्याचे थेंब प्रकाश उलटा तुमच्याच डोळ्यांत फेकतात. थेंब एवढे मोठे असतात की प्रकाश पांढरा की पिवळा, याने फारसा फरक पडत नाही. फॉगलॅम्प काम करतो तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत वरून सुरीने कापल्यासारखा सपाट असतो म्हणून. एलईडी बारला, म्हणजे ओळीने एलईडी बसवलेल्या पट्टीला, हा काप नसतो. त्याला पिवळी फिल्म चिकटवली तरी तो बारच राहतो, फक्त हळद लावलेला.

हे झोताचं प्रकरण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 106 मध्ये मोजमापासकट आहे. दिव्यापासून 8 मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. दोन छोट्या मोटारी एकामागे एक लावल्या की झाले आठ मीटर. दीड मीटर म्हणजे साधारण समोरून येणाऱ्या बाइकवाल्याचे डोळे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्राला गाडीवर बसवा आणि तुम्ही तिथे जाऊन उभे राहा. पोलिस लागत नाही.

बटणाचा मुद्दा मात्र सरळ घातक आहे, कारण तो वाचून लोक निर्धास्त होतात. नियम 111 सांगतो की आरटीओची आधी मंजुरी घेतल्याशिवाय, तीही अपवादात्मक कारणासाठी, गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवता येत नाही. बसवता येत नाही. नियम ‘चालू ठेवून गाडी चालवता येत नाही’ असं म्हणत नाही. म्हणजे बटण बंद, वर काळं कव्हर, तरी दिवा गाडीवर आहेच. मूळ गाडीत बदल केला की नाही, यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 घेऊन वाद घालता येईल. ‘फक्त ऑफरोडला वापरतो’ हे तिथे फार तर हसू आणेल.

दंड? पाचशेचा आकडा हवेतून आलेला नाही. कलम 177 खाली पहिल्या वेळी 500, पुढे 1,500. पण 2019 च्या दुरुस्तीने कलम 182अ आलं, आणि परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडी बदलली तर मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दर बदलामागे. बंपरवर दोन आणि टपावर एक बार असेल तर हिशेब तुम्हीच करा.

मेसेजमागची तक्रार मात्र खरी आहे. जुन्या गाडीचा हेडलाइट घाटात पुरत नाही, म्हणून लोक बारकडे वळतात. मीही वळलो होतो. एकदा वळणावर समोरच्या ट्रकवाल्याने गाडी थांबवून, काच खाली करून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. घरी येऊन बार काढला, पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घेतली, खाली गेलेला फोकस मेकॅनिककडून भिंतीवर जुळवून घेतला. फरक पडला. बंपरला दोन भोकं तेवढी राहिली आहेत.