खरे बोलूनही फसवता येते

जाहिरातीत खोटे वाक्य नसले की नैतिकतेचा प्रश्न मिटला, हे मत मला पटत नाही. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योग-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३७ मध्ये जाहिरातींसाठी आचारसंहिता आणली आणि जाहिरात कायदेशीर, सभ्य, प्रामाणिक व सत्य असावी, हे तिचे सूत्र आजही अनेक देशांतील स्वयंनियमन संस्थांच्या नियमांत आढळते. त्यातले ‘सत्य’ सांभाळणे सोपे आहे, ‘प्रामाणिक’ मात्र अवघड.

ठळक अक्षरांतला दावा, त्याच्या टोकाला तारांकन आणि पडद्याच्या तळाशी वाचून होण्याआधीच नाहीशी होणारी बारीक ओळ, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो, वकिलांनी तपासलेलाही असतो. पण ती ओळ नीट वाचली गेली तर दावा ढासळेल, हे जाणूनच तिची मांडणी केलेली असते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलेले तत्त्व इथे नेमके लागू पडते. ग्राहकाला युक्ती आधीच समजावून सांगितली तरी ती चालेल का, एवढे विचारावे. विनोद या कसोटीवर टिकतो, तारांकन टिकत नाही. कृतीचे मोल तिच्या परिणामांवरून, म्हणजे सर्वांना मिळणाऱ्या सुखावरून ठरवणाऱ्या उपयुक्ततावादावर मी इथे भिस्त ठेवणार नाही, कारण सर्वांच्या सुखाचा हिशेब मांडणारा आणि त्यातून नफा कमावणारा एकच असतो.

बातमीच्या बाबतीत मात्र परिणामांचा विचार टाळता येत नाही. अमेरिकेतील सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्सची २०१४ ची संहिता सत्य शोधून सांगण्यास सांगते आणि हानी कमीत कमी करण्यासही. ओलीस धरलेल्यांच्या सुटकेची कारवाई चालू असताना पोलिसांच्या हालचाली थेट दाखवाव्यात का, इथे ही दोन कलमे समोरासमोर उभी राहतात आणि संपादकाला स्वतःच कौल द्यावा लागतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसने १९३० मध्ये मांडले की अशा संघर्षात एक कर्तव्य वरचढ ठरले तरी दुसरे रद्द होत नाही. म्हणूनच माहिती रोखणाऱ्या संपादकाने धोका टळताच ती प्रसिद्ध करावी आणि का रोखली होती, हेही त्याच बातमीत लिहावे, असे माझे मत आहे. तो खुलासा वाचायला क्वचितच मिळतो.