अनुशेष कोणाचा मोजायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माता आणि नवजात बालकांच्या आरोग्यातील विषमतेवरील माझा लेख वाचून आपण लातूरहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आधी आभार मानते. रुग्णालयातील बाळंतपणासाठी रोख मदत देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेचे वर्ष मी २००६ लिहिले होते. ती २००५ मध्ये सुरू झाली, ही आपण दाखवलेली चूक दुरुस्त केली आहे. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत. राज्याचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता आणि देशाचा ९७, तेव्हा विषमतेचा एवढा गाजावाजा कशासाठी, हा पहिला. गडचिरोली आणि झारखंड येथील प्रयोगांचे दाखले मराठवाड्याला लागू पडत नाहीत, हा दुसरा. आणि मराठवाड्याला संशोधन नको, डॉक्टर आणि रक्तपेढ्या हव्यात, हा तिसरा.

तिसऱ्याबाबत आपण बऱ्याच अंशी बरोबर आहात. रक्ताच्या उपलब्धतेवर मी एक वाक्यही लिहिले नाही, ही लेखातील उणीवच होती; बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झालेली बाई काही तासांत दगावू शकते आणि जिचे हिमोग्लोबिन आधीच सातवर आहे तिला तेवढा अवधीही मिळत नाही. परंतु रक्तस्राव वेळेवर ओळखावा कसा, हेही संशोधनानेच दाखवले. किती रक्त गेले याचा अंदाज सुईणीपासून डॉक्टरपर्यंत सगळे नजरेनेच करीत आणि तो बहुधा कमी निघे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांत मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावली गेली आणि ठराविक रेषा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची शिस्त बसवली गेली. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्यामुळे ६० टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिशवी आली म्हणून रक्तपेढी नको, असे मी म्हणत नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे येते. राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून आपण मराठवाड्यातील माणसे अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याची, भाषा बोलत आलो आहोत. राज्याची सरासरी चांगली आहे म्हणून आमचे गाऱ्हाणे खोटे ठरत नाही, हेच तर आपले म्हणणे होते आणि आहे. मग जिल्ह्याच्या, तालुक्याच्या, तांड्याच्या आतील विषमतेचा प्रश्न निघताच तीच सरासरी आपण का पुढे करावी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते त्यांचे प्रमाण २१.९ टक्के होते. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के निघाले. कोवळ्या वयातील गर्भारपण, आईचा रक्तक्षय आणि बाळाचे कमी वजन ही साखळी आपणांस ठाऊकच आहे. आपण दिलेला ३३ चा आकडा जन्म-मृत्यूंच्या ज्या राष्ट्रीय नमुना नोंदणीतून येतो ती मातामृत्यूचा दर जिल्हावार देतच नाही, त्यामुळे परभणीचा किंवा हिंगोलीचा आकडा त्यात शोधूनही सापडणार नाही.

त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थात्मक होत्या. पण प्रसूती कोठे झाली याने त्याआधीचे नऊ महिने कसे गेले ते कळत नाही. माजलगाव तालुक्यातील एका तांड्यावर एका ऊसतोड मजूर बाईने पत्र्याच्या पेटीतून आपले माता-बाल संरक्षण कार्ड काढून दाखवले होते. दसऱ्यापूर्वीच्या दोन तपासण्या नीट लिहिलेल्या होत्या. त्यापुढील रकाने कोरे होते आणि एकदम बाळाचे जन्मवजन होते, एक किलो नऊशे ग्रॅम. मधले महिने ती पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या उसाच्या फडात होती. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या नावावर घेतलेली, बाई बसली तर खाडा पडून पैसे कापले जाणार. म्हणून सातव्या महिन्यातही ती मोळ्या वाहत होती. गावच्या आशाताईंच्या नोंदवहीत ती ‘स्थलांतरित’ होती आणि तिच्या फडावरच्या कोपीजवळच्या (झोपडीजवळच्या) गावातील आशाताईंच्या वहीत ती नव्हतीच. बाळंतपण मात्र रुग्णालयात झाले, म्हणजे आपल्या हिशेबात ती सुरक्षित.

आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे आधीही गावोगाव माहीत होते. मोजले गेले तेव्हा ते विधिमंडळात बोलले गेले, म्हणून मोजण्याला मी कमी लेखत नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास १९९९ चा. त्या वेळी तेथील बहुतेक बाळे घरी जन्मत, आज आपल्याकडे तसे नाही, म्हणून तोच आकडा येथे येईल अशी अपेक्षा मी करीत नाही. त्या अनुभवातून आलेल्या आशांच्या गृहभेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या, आपल्याकडेही होतात. फक्त त्या बाळ गावात आहे असे धरून आखलेल्या आहेत. गडचिरोली फार दूर वाटत असेल तर जामखेड घ्या, ते तर बीडच्या शिवेला लागून आहे. तेथे आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेवेचे काम शिकवले.

झारखंड आणि ओडिशात माता-बाळांच्या आरोग्यावर चर्चा करणाऱ्या महिला गटांच्या बैठकांचा दाखला मी दिला तो वेगळ्या कारणासाठी. तेथे नवजात मृत्यूदर ३२ टक्क्यांनी घटला आणि पुढील विश्लेषणात असे दिसले की सर्वाधिक लाभ सर्वांत वंचित कुटुंबांना झाला. हे सहसा होत नाही. नवी सोय आली की आधी बऱ्या परिस्थितीतील लोक तिचा लाभ घेतात आणि दरी काही काळ उलट रुंदावते, हे ब्राझीलमधील संशोधकांनी २००० मध्ये मांडले होते. जननी सुरक्षा योजनेच्या २०१० मधील मूल्यमापनातही सर्वांत गरीब आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाच लाभाची शक्यता सर्वाधिक असे सगळीकडे आढळले नाही. म्हणून ‘आधी सोयी वाढवा, त्या सगळ्यांपर्यंत पोचतीलच’ हे आपले वाक्य मला मान्य करता येत नाही.

आपले बंधू एका कारखान्याच्या शेतकी विभागात आहेत, असे आपण ओघात लिहिले आहे. टोळ्यांची मूळ गावे आणि कोयत्यांची संख्या त्या विभागाच्या तोडणी करारांत असतात. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ही माहिती काही कारखान्यांनी जवळच्या आरोग्य उपकेंद्राला द्यावी, परिचारिकेने कोप्यांवर जाऊन गरोदर स्त्रियांची नोंद करावी, इतर ठिकाणी नेहमीप्रमाणे चालू द्यावे आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, दोन्हीकडील हिमोग्लोबिन व जन्मवजने ताडून पाहावीत, एवढा अभ्यास खर्चिक नाही. एक खबरदारी मात्र हवी. गरोदर स्त्रियांची नावे टोळीला उचल देणाऱ्या मुकादमाच्या हाती पडता कामा नयेत. पडली तर पुढल्या वर्षी त्या कोयत्याला उचलच मिळणार नाही. आपल्या बंधूंना हे जमण्यासारखे वाटते का, तेवढे विचारून कळवावे.