पोरांनो, रिम नंतर; आधी टायर आणि ब्रेक

पंधरा-वीस वर्षं जुनी पण ठणठणीत गाडी विशीच्या आतल्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात आली की दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, या गाडीवर पैसे घालू नकोस, चालतेय तोवर चालव. मित्र म्हणतात, रिम टाक, सायलेन्सर बदल, गाडी खाली बसव. मला दोन्ही पटत नाहीत. आपल्या गाडीवर पैसे घालावेत, स्वतःचे हात काळे करावेत, तिला आपल्या मनासारखी करावी, असं मला मनापासून वाटतं. पण खिशात पैसे मोजके असतील तर ते कुठे आधी जातात यावर सगळं ठरतं. क्रम चुकला की गाडी फोटोत छान दिसते आणि पावसात थांबत नाही.

जुन्या गाडीची सगळ्यात मोठी ठेव म्हणजे तिचा भरवसा. इतक्या वर्षांत तिच्या खोडी सगळ्या मेकॅनिकांना पाठ झालेल्या असतात, पार्ट सहज मिळतात, बोनेट उघडलं की हात घालायला जागा असते. म्हणून कुठल्याही बदलाआधी मी एवढंच विचारतो: याने भरवसा वाढणार, तेवढाच राहणार, की कमी होणार? कमी होणार असेल तर तो बदल दुसरी गाडी परवडणाऱ्यांनी करावा. ज्याला उद्या सकाळी याच गाडीने कॉलेजला किंवा कामाला जायचंय, त्याने करू नये.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. ही गाडी नवी असताना कशी चालायची, ते आता कोणालाच आठवत नसतं. शॉकअप हळूहळू मरतात, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश हळूहळू फाटतात, स्टेअरिंगमधला ढिलेपणा हळूहळू वाढतो, आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होते. त्यामुळे ‘मॉडिफिकेशन’ची पहिली पायरी म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी करणं. हे ऐकायला नीरस वाटतं, पण नवे बुश आणि चांगले शॉकअप बसवून अलाइनमेंट केलेली जुनी हॅचबॅक एकदा वळणावर घालून बघा. महागड्या किटनेही एवढा फरक सहसा पडत नाही.

त्याआधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा रबरी पट्टा. गाडीला बेल्ट असेल, आणि तो शेवटचा कधी बदलला ते माहीत नसेल, तर बाकी सगळं थांबवा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात इंजिन खोलायची वेळ येते. एवढा खर्च मोजक्या पैशातल्या माणसाला झेपत नाही, गाडी तिथेच संपते. कूलंट, होज पाइप, ऑइल, प्लग, फिल्टर यांचंही तेच: कधी बदललं ते माहीत नसेल तर एकदा बदलून नवी सुरुवात करा आणि ती तारीख वहीत लिहून ठेवा. गाडीच्या खालच्या पत्र्याला, विशेषतः सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथे, गंज आतपर्यंत गेला असेल तर मात्र त्या गाडीवर हौसेचा एक पैसाही घालू नका.

आता टायर. गाडी पळते, वळते, थांबते ती फक्त चार तळहातांएवढ्या रबरावर. टायरच्या बाजूला ‘डॉट’ या अक्षरांनंतर जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला पण दहा वर्षांचा टायर हा चांगला टायर नव्हे. रबर कडक झालेलं असतं, आणि ते ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर कळतं. सेकंडहँड मोठ्या रिमवर जुने टायर फुकट मिळतात म्हणून घेणारी मुलं मी पाहतो तेव्हा मला काळजी वाटते. त्याच पैशात मूळ रिमवर चार नवे, चांगल्या कंपनीचे टायर येतात.

रिम बदलायचेच असतील तर आधी कागदावर गणित करा. १७५/६५ आर१४ (रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १४ इंची) या टायरची एकूण उंची साधारण ५८३ मिलिमीटर भरते. १९५/५० आर१५ ची ५७६. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास खरं बोलेल आणि गिअरिंग बिघडणार नाही. अर्थात ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते) आणि लोड रेटिंग (टायर किती वजन पेलतो ते) जुळतंय ना, हेही बघायचंच. पण याच गाडीवर १७ इंची जड रिम चढवले की टायरची भिंत पातळ होते, खड्ड्याचा मार थेट रिमला आणि बेअरिंगला बसतो आणि पिकअप मंदावतो. चाकातलं वजन हे स्प्रिंगच्या खालचं वजन असतं. ते वाढलं की शॉकअपला चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं जड जातं.

ब्रेकबद्दल तर मी हट्टी आहे. ताशी ६० वरून ९० वर गेलात की वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ते उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं, चांगले पॅड, जुने रबरी पाइप तडकले असतील तर नवे, एवढ्यात बहुतेक जुन्या गाड्यांचे ब्रेक रस्त्यासाठी पुरेसे होतात. भोकं पाडलेल्या डिस्कची गरज नाही. लाल रंगाच्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) तर मुळीच नाही.

इथे मला नेहमी मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी आठवते. १९५९ मध्ये आलेली ८४८ सीसीची साधी, स्वस्त गाडी. रेसच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या सल्ल्याने १९६१ मध्ये तिची कूपर आवृत्ती निघाली तेव्हा इंजिन ९९७ सीसीचं आणि ताकद ५५ हॉर्सपॉवर झाली, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले. ताकद आणि ब्रेक जोडीनेच. पुढे कूपर एस या आणखी ताकदवान आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. छोट्या गाडीचं सामर्थ्य कशात असतं हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांनी तिचं वजन, चाकांची जागा आणि ब्रेक बघावेत. हॉर्सपॉवरचा आकडा शेवटी बघावा.

सस्पेन्शनमध्ये माझा ठाम विरोध एकाच गोष्टीला आहे: स्प्रिंग कापणं. चकतीने कापा नाहीतर गॅसने, कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि शॉकअप मात्र मूळ लांबीचाच राहतो. चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते, आणि एरवी गाडी सतत बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटत राहते. गॅसने कापली तर उष्णतेने पोलादाचा ताव जातो. खाली बसवायचीच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्र घ्या. पैसे नसतील तर साठेपर्यंत थांबा. बुश स्वतः बदलत असाल तर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, मूळ उंचीला, शेवटचे आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कितीतरी गॅरेजमध्येही हे पाळत नाहीत.

दिव्यांवर मी हौसेने खर्च करतो. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा ८०० पासून २००० नंबरपर्यंतच्या पॉलिशपेपरने पाणी मारत घासा, पॉलिश करा आणि वरून अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट द्या, नाहीतर थोड्याच महिन्यांत पुन्हा पिवळ्या होतील. मग मल्टिमीटरने बल्बपाशी व्होल्टेज मोजा. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये एवढी घट सहज होते. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच), योग्य जाडीची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकून केलेली नवी वायरिंग स्वस्तात होते. हॅलोजन बल्बच्या घरात एचआयडी (फिलामेंट नसलेले, गॅसमधल्या ठिणगीवर उजळणारे बल्ब) किंवा भलते एलईडी घुसवू नका. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाश विखरून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

भंगारातल्या गाड्या हा तुमचा खजिना. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत अनेकदा जाड अँटीरोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा), मोठी डिस्क, चांगली सीट असते आणि त्यातलं बरंचसं थेट बसतं. आधी पार्ट नंबर जुळवा. मात्र ब्रेक पॅड, बेल्ट, टायर भंगारातले नकोत, आणि सीटमध्ये एअरबॅग असेल तर तिला घरी हात लावू नका.

इंजिनाबद्दल थोडक्यात: टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनातून स्वस्तात ताकद निघत नाही. उघडा कोन फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांऐवजी ५० अंशांची हवा आत गेली तर ती सुमारे सहा टक्के विरळ असते. आवाज वाढतो, ताकद कमी होऊ शकते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं मला अजिबात मान्य नाही. तुमच्या मागे चालणाऱ्यांच्या फुप्फुसांचाही विचार करा.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. काढलेला मूळ पार्ट फेकू नका. नियमात काय बसतं ते आधी पाहा आणि विमा कंपनीला बदल कळवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्प्रिंग दाबायचं काम गॅरेजवर सोडा; दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो.

आणि आईबाबांनो, हा खर्च वाया जातोय असं म्हणू नका. मुलगी स्वतः ब्रेक पॅड बदलते तेव्हा तिला गाडीचा आवाज ऐकायला येऊ लागतो, आणि गाडीचा आवाज ऐकणारी व्यक्ती ती जपून चालवते, हे मी वारंवार पाहिलंय. पैसे तिचे तिला साठवू द्या. तुम्हाला काही विकत द्यायचंच असेल तर दोन मजबूत जॅक स्टँड, एक टॉर्क रेंच (बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा पाना) आणि त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल द्या.