नेदर ही मेलेल्या अरण्याची स्मशानभूमी नाही

माइनक्राफ्ट या संगणक खेळातील नेदर या पाताळाविषयी एक उपपत्ती गेली काही वर्षे इतक्या वेळा सांगितली गेली आहे की अनेक खेळाडू तिला खेळाचाच भाग समजतात. ती थोडक्यात अशी : नेदर हा एकेकाळी पाण्याने भरलेला, हिरवा प्रदेश होता, तिथे बुरशीची साथ आली, मोठे प्राणी मेले आणि आजची बुरशी त्यांच्या अवशेषांवर जगते. पिगलिन हे नेदरमधले डुकरासारखे, दोन पायांवर चालणारे प्राणीही तिनेच बाधलेले आहेत आणि तिच्या बीजाणूंवाचून ते सडू लागतात, म्हणून ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या नेहमीच्या जगात, येताच त्यांचे झॉम्बी होतात. कल्पना देखणी आहे, हे मान्य. पण तिचे पुरावे मांडताना नेदरमध्ये काय आहे एवढेच पाहिले जाते. ते नेमके कुठे आहे याकडे कोणी पाहत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक मुद्दा तिथेच अडखळतो.

आधी पाणी. बादलीतले पाणी नेदरमध्ये ओतताच त्याची वाफ होते. यावरून आज तिथे पाणी टिकत नाही एवढे कळते, पूर्वी ते होते हे कळत नाही. (कॉल्ड्रन या कढईत भरलेले पाणी मात्र तिथेही राहते, म्हणजे हा नियमही वाटतो तितका निरपवाद नाही.) उपपत्तीच्या बाजूचा खरा पुरावा मिळाला तो जून २०२५ च्या अपडेटमध्ये : वाळून गेलेला घास्ट (नेदरमधला तरंगता प्राणी) पाण्यात ठेवला की काही वेळाने त्यातून जिवंत पिल्लू बाहेर येते. हा पुरावा मी हलका लेखत नाही. परंतु असे वाळलेले घास्ट सोल सँड व्हॅली या नेदरमधल्या खोऱ्यातच, जीवाश्मांच्या आसपास सापडतात. नेदरच्या उरलेल्या चार प्रदेशांत ते आढळत नाहीत. तेव्हा फार तर एका खोऱ्यात कधीकाळी पाणी होते असे म्हणता येईल. उलट ब्लेझ आणि स्ट्रायडर या नेदरमधल्या प्राण्यांना पाण्याने इजा होते, आणि स्ट्रायडर तर लाव्हाबाहेर आला की थंडीने कुडकुडतो. ज्या प्राण्याचे शरीर लाव्हाशी इतके जुळलेले आहे त्याचे पूर्वज कालपरवापर्यंत तळ्याकाठी राहत होते असे मानायचे असेल, तर जीवशास्त्राचा दाखला देणाऱ्यांनी उत्क्रांतीला लागणाऱ्या काळाचाही हिशेब द्यायला हवा.

हाडांच्या बाबतीत स्थळाचा प्रश्न अधिकच अवघड होतो. बोन ब्लॉकचे, म्हणजे हाडांच्या ठोकळ्यांचे, ते भव्य सांगाडे फक्त सोल सँड व्हॅलीत आहेत, आणि त्या खोऱ्यात महाकाय बुरशी उगवत नाही; क्रिमसन आणि वार्प्ड ही बुरशीची जंगले जिथे आहेत तिथे सांगाडे नाहीत. बुरशी मृतांवर जगत असेल, तर अन्न एकीकडे आणि खाणारा भलतीकडे, असे का व्हावे? यावर बोन मीलचे उत्तर मिळते : हाडांची पूड टाकली की निलियम या बुरशीच्या जंगलातल्या जमिनीवर बुरशी फोफावते. पण त्याच पुडीने गहू, गाजर आणि ओकचे रोपही वाढते, आणि तेवढ्यावरून गव्हाला कोणी मांसाहारी ठरवलेले नाही. शिवाय ओव्हरवर्ल्डमध्ये वाळवंटांच्या आणि दलदलींच्या खालीही बोन ब्लॉकचे जीवाश्म गाडलेले आहेत. म्हणून ओव्हरवर्ल्ड मेले असे कोणी म्हणत नाही.

नेदरमध्ये सूर्य नाही, म्हणून तिथल्या बुरशीला कुजणाऱ्या अवशेषांवाचून गत्यंतर नाही, हा उपमुद्दा लवकर आटोपतो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रतळावर, उष्ण झऱ्यांभोवती जी जीवसृष्टी सापडली, तिचा पाया हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून ऊर्जा मिळवणारे जिवाणू हा आहे. नेदरमध्ये असे जिवाणू आहेत असा माझा दावा नाही. अंधारातली सृष्टी मढ्यांवरच पोसली पाहिजे, ही सक्ती तेवढी खोटी आहे.

उपपत्तीचा जीव आहे तो बीजाणूंच्या मुद्द्यात. पिगलिन ओव्हरवर्ल्डमध्ये आला की १५ सेकंदांत झॉम्बिफाइड पिगलिन होतो, हॉगलिन या नेदरमधल्या रानडुकरासारख्या प्राण्याचा तसाच सडका झोगलिन होतो. आणि क्रिमसन जंगलाच्या हवेत तरंगणारे लाल कणच त्यांना नेदरमध्ये सावरून धरतात, असे सांगितले जाते. तसे असते तर नेदर वेस्ट्सच्या उघड्या माळावर, जिथे बुरशीचे रान नाही, पिगलिन दिसलेच नसते; प्रत्यक्षात ते तिथे उपजतात आणि खुशाल राहतात. उलट बाजूचा प्रयोगही सोपा आहे आणि मी तो करून पाहिला आहे : ओव्हरवर्ल्डमध्ये क्रिमसन निलियम अंथरले, त्यावर बुरशी वाढवली आणि मधोमध पोर्टल, म्हणजे नेदरला जोडणारे दार, उभारले. त्यातून आलेला पिगलिन त्या दाट रानातही ठरल्या वेळी सडलाच. त्याहून पंचाईत करणारी गोष्ट साध्या डुकराची आहे. ओव्हरवर्ल्डमधल्या डुकरावर वीज पडली की त्याचाही झॉम्बिफाइड पिगलिन होतो, आणि त्या बिचाऱ्याने जन्मात बीजाणू हुंगलेला नसतो. खेळाच्या घडणीचा इतिहास हा कथेतला पुरावा नव्हे, तरीही सांगण्यासारखे आहे की हा सडका प्राणी झॉम्बी पिगमन या नावाने २०१० पासून नेदरमध्ये वावरत होता, तर बुरशीची जंगले आणि धडधाकट पिगलिन २०२० च्या जूनमध्ये आले. रोगी आधी आणि रोग दहा वर्षांनी, असा हा मामला आहे.

शेवटचा आधार हॉगलिनच्या भीतीचा. वार्प्ड बुरशीपासून तो दूर पळतो, म्हणून ती विषारी आणि क्रिमसनची वैरी, असा तर्क आहे. मात्र तीच बुरशी स्ट्रायडर आवडीने खातो, आणि ती भरवूनच त्याची वीण वाढवता येते. शिवाय हॉगलिन नेदर पोर्टलपासून आणि रिस्पॉन अँकरपासूनही (मेलेला खेळाडू नेदरमध्ये कुठे परतेल ते ठरवणाऱ्या ठोकळ्यापासूनही) तसाच पळतो, आणि त्या दोहोंत बुरशीचा कणही नाही. पोर्टलची धास्ती समजण्यासारखी आहे, कारण पलीकडे गेले की झोगलिन होणे ठरलेले. पण ओव्हरवर्ल्डमध्ये वापरू गेल्यास नुसता स्फोट होणारा अँकर आणि नेदरमध्येच उगवणारी एक बुरशी यांची त्याने एकसारखी धास्ती का घ्यावी, याचे उत्तर साथीच्या कथेत कुठेच नाही.