बंदुकीच्या जखमा आणि विद्यापीठांचं काम

अमेरिकेत एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘गोळी गुन्हेगार झाडतात, त्यांना आवरणं पोलिसांचं काम. विद्यापीठांतली संशोधन केंद्रं नुसते अहवाल छापतात आणि सरकारी पैशावर लोकांच्या बंदुका काढून घ्यायला निघाली आहेत.’

आधी गुन्हेगारांचं पाहू. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. या मृत्यूंत पोलिसांनी पकडावं असं कुणी नसतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत, पण प्रयत्न बंदुकीने झाला तर वाचण्याची संधीच क्वचित मिळते. म्हणून त्या कठीण घटकेत बंदूक हाताशी नसणं हाच मोठा बचाव, हे हार्वर्डचे संशोधक सतत सांगत आले आहेत.

२००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एकाच दुकानातून आठवड्याभराच्या आत तिघांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांत जीव दिला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुकानदार हादरला. मग तो, इतर बंदूकविक्रेते आणि डार्टमथ आणि हार्वर्ड विद्यापीठांतली संशोधक मंडळी एकत्र बसली. खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, विक्री कधी थांबवायची, यावर त्यांनी पत्रकं काढली. बंदूक विकणाराच इथे सहकारी होता, आणि मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

‘नुसते अहवाल’ म्हणणाऱ्यांनी मिशिगनमधलं फ्लिंट पाहावं. मारामाऱ्या आणि दारू यांत अडकलेली किशोरवयीन मुलं तिथे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या गटाने त्यांच्याशी अर्धा-पाऊण तास नीट बोलण्याचा प्रयोग केला. पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्यातली मारामारी घटल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्याने गोळीबार थांबतो असं नाही, पण हिंसेची वाट तिथूनच सुरू होते.

राहिला बंदुका काढून घेण्याचा आरोप. १९९६ मध्ये खासदार जे डिकी यांनी अर्थसंकल्पी कायद्यात सुचवलेल्या दुरुस्तीने, सीडीसी या केंद्र सरकारच्या आरोग्यसंस्थेला इजा टाळण्याच्या कामासाठी मिळणाऱ्या निधीतून बंदूक नियंत्रणाचा प्रचार करायला मनाई केली. शिवाय संसदेने या संस्थेचे २६ लाख डॉलर कापले आणि बंदुकीच्या जखमांवरचं तिचं संशोधन वीसेक वर्षं जवळजवळ ठप्प झालं. २०१२ मध्ये खुद्द डिकींनीच वृत्तपत्रात लेख लिहून हे संशोधन व्हायला हवं असं म्हटलं. २०१९ च्या अखेरीस अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, पण मनाईचं कलम तसंच ठेवून. केंद्र सरकारच्या या पैशातून बंदूकबंदीचा प्रचार करणं तेव्हाही बेकायदा होतं.