पाच दिवसांत भिंती उभ्या राहतात, घर नाही

थ्रीडी प्रिंटरच्या नोझलमधून थरावर थर पडणारं काँक्रीट, वेगात पळवलेला व्हिडिओ आणि खाली मजकूर: ‘भारतात आता पाच दिवसांत घर. खर्च निम्मा. गवंडी, बिगारी कोणीच लागणार नाही. सगळं डिजिटल झाल्यामुळे फसवणूकही बंद.’ हा निरोप कितीतरी ग्रुपवर फिरतो आहे. थ्रीडी प्रिंटिंग खरं आहे आणि आपल्या अभियंत्यांनी त्यात केलेलं काम अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातंय त्यावर विसंबून लोक घराचं बजेट आखतात, पोराला गवंडीकाम शिकवायचं की नाही हेही ठरवतात. म्हणून एकेक दावा तपासू.

‘पाच दिवसांत घर’ हा आकडा देशभर पोचला तो 2021 च्या एप्रिलमध्ये, आयआयटी मद्रासच्या आवारात त्वस्ता या कंपनीनं उभारलेल्या सुमारे 600 चौरस फुटांच्या घराच्या उद्घाटनानंतर. त्याआधी डिसेंबर 2020 मध्ये लार्सन अँड टुब्रोनं कांचीपुरमला 700 चौरस फुटांची, तळमजला आणि वर एक मजला अशी इमारत 106 तासांत छापली होती. त्या वेळी कंपनीनं स्वतःच स्पष्ट सांगितलं होतं की आडवे स्लॅब यात धरलेले नाहीत आणि 106 तास म्हणजे छपाईचे तास. फॉरवर्ड करताना नेमकं हेच वाक्य गळतं.

स्लॅब वगळला की घराचं काय उरतं ते साइटवर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पाया खोदायचा, प्लिंथ (जोतं) भरायची, स्लॅबचं सेंट्रिंग करायचं, लोखंड बांधायचं, मग वॉटरप्रूफिंग, वायरिंग, नळकाम, लादी, दारं-खिडक्या, रंग. आयएस 456 या मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. प्रिंटर कितीही वेगानं फिरला तरी सिमेंट आपल्याच गतीनं पक्कं होतं. म्हणजे नेहमीच्या पद्धतीचा स्लॅब घातला तर एकट्या टेकूंनाच पाच दिवसांहून जास्त लागतात.

खरा वेग पाहायचा तर बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधलं, थ्रीडी छपाईनं उभारलेलं टपाल कार्यालय पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. 1,021 चौरस फुटांचं बांधकाम 43 दिवसांत उरकलं. हा वेग उत्तमच आहे, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण तो पाच दिवस नाही, आणि तिथे देशातली एक बलाढ्य कंपनी आणि आयआयटीचं मार्गदर्शन होतं. हजार घरांचा प्रकल्प आला की चित्र बदलतं. केंद्र सरकारच्या लाइट हाउस योजनेत नव्या तंत्रज्ञानाच्या सहा प्रकल्पांची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली, मुदत बारा महिन्यांची होती. चेन्नईतली 1,152 घरं मे 2022 मध्ये आणि राजकोटमधली 1,144 घरं ऑक्टोबर 2022 मध्ये लोकार्पित झाली. मध्ये कोविडची दुसरी लाट आली हे खरं, पण जागा, परवानग्या, पाणी, ड्रेनेज या गोष्टी लाटेविनाही वेळ खातात.

खर्चाचं थोडक्यात. ते टपाल कार्यालय सुमारे 23 लाखांत झालं, म्हणजे चौरस फुटाला साधारण 2,250 रुपये. त्या सुमारास साध्या दर्जाचं नेहमीचं बांधकामही याच्या आसपासच होत होतं. छपाईच्या मिश्रणात बहुधा मोठी खडी नसते, त्यामुळे सिमेंट आणि रसायनं जास्त लागतात. शिवाय पुण्या-मुंबईत घराच्या किमतीत जमिनीचा वाटा एवढा मोठा असतो की भिंतीत वाचलेले पैसे खरेदीदारापर्यंत पोचतच नाहीत.

आता तिसरा दावा, ‘मजूर लागणार नाहीत’. सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. बांधकाम हा शेतीनंतर देशात सर्वाधिक रोजगार देणारा उद्योग आहे. यंत्रानं त्यात काय होतं हे पाहायला प्रिंटरपर्यंत जायची गरजच नाही. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत मिवान केव्हाच रुळलंय. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. वीटकाम जवळपास गेलं, प्लास्टर घटलं, गवंड्यांची मागणी त्या साइटवर कमी झाली, हे नाकारता येत नाही. पण प्रत्येक मजल्यावर ते पॅनेल सोडवून, स्लॅबमधल्या चौकोनी भोकातून हातोहात वर चढवणारे मजूर आले. मिवान कारपेंटर हा नवा कामगार तयार झाला. कामाची जात बदलली, घाम गेला नाही.

काँक्रीटची भिंत नंतर फोडता येत नाही. म्हणून विजेचा पाइप कुठून जाणार हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि इथे बिमसारखं (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचा प्रत्येक भाग आधी संगणकावर मांडणारं) मॉडेल खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं. नागपूर मेट्रोनं त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून काम केलं. ड्रेनेजचा पाइप बीमला आडवा येतोय हे साइटवर कळण्याऐवजी पडद्यावर कळतं. व्हिडिओत हे दिसत नाही, पण माझ्या मते या क्षेत्रातला मोठा बदल हाच आहे. तो पेलायला ड्रॉइंग वाचू शकणारा गवंडी, टॅबवर मॉडेल उघडू शकणारा फोरमन लागतो. पोराला गवंडीकाम शिकवू नका असं सांगणाऱ्यांनी त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवा असं सांगावं.

‘फसवणूक बंद’ या दाव्याला कल्याण-डोंबिवलीनं उत्तर दिलंय. तिथे पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून 65 बेकायदा इमारतींनी महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचे आदेश दिले. संकेतस्थळावर नोंदणी दिसत होती म्हणून लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. महारेरामुळे ग्राहकाच्या हाती पुष्कळ माहिती आली, मी स्वतः ती वापरायला सांगतो. पण अपलोड झालेला कागद खरा आहे का हे पालिकेत कुणीतरी पडताळावंच लागतं. ते न करता पोर्टल सुरू केलं की खोट्या कागदाला सरकारी रूप मिळतं.

एक मुद्दा मात्र या निरोपात कधीच नसतो. मोठ्या साइटच्या गेटवर आज बोट किंवा चेहरा दाखवून हजेरी लागते. ती माहिती कंपनीच्या सर्व्हरवर रोज जमा होते. आणि तोच मजूर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला मिळवायला ठेकेदाराच्या, ग्रामसेवकाच्या दारात उभा राहतो. साइट बदलली, मुकादम बदलला की सही मिळत नाही. हे 90 दिवस यंत्रानं मोजलेले आहेत. ती हजेरी थेट मंडळाकडे जायला नवा शोध लागत नाही, एक शासन आदेश लागतो. डिजिटल क्रांतीच्या नावानं काही फॉरवर्ड करायचंच असेल तर ही मागणी करा.